मन इंझोरीला, वात हातात

मी एकदा लाखवातीचं व्रत बोलले होते. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी महादेवापुढे पदर पसरला आणि म्हटलं, "देवा, आमच्या माईचा डावा डोळा राहू दे. तुझ्यासाठी लाख वाती वळीन. माझ्याच हातानं वळीन, दुसऱ्या कोणाची एक घेणार नाही."

माई म्हणजे माझी थोरली जाऊ. लहानपणी देवी आल्या तेव्हाच तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. सारा संसार तिनं डाव्या डोळ्यावर केला, आणि आता त्यातच मोतीबिंदू उतरला होता. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "अजून कच्चा आहे. पिकला की हिवाळ्यात काढू. पण एकच डोळा आहे, वचन देत नाही." ते ऐकलं आणि मी घरी येऊन व्रतच बोलून बसले.

व्रत माझं, पण जऊळक्याला आमच्या ओसरीवर दुपारी सगळ्याच जमायच्या, आपापल्या देवाच्या वाती घेऊन. कापूस पिंजून यायचा शेजारच्या जैबुनबीकडून. तिचा नवरा पिंजारी. स्टेशन मास्तरांच्या घरच्या यायच्या, त्यांना आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. आणि मधोमध माई, बोटांनी चाचपत वाती वळणारी. त्या ओसरीवरचे किस्से पिंजलेल्या कापसासारखे आहेत बघा. मूठभर काढायला जावं तर कवळाभर निघतात! सगळे काही सांगत नाही. निवडक सांगते.

*

पहिल्याच दिवशी माईनं विचारलं, "गोदे, वात वळताना मन कोठी असते तुझं?"

म्हटलं, "इथंच. दुसरीकडं कायले जाईन?"

"बरं," म्हणाली, आणि आतून दोन टोपल्या घेऊन आली. "मन जाग्यावर असताना वळली ते वात या टोपलीत. ते देवाची. मन हिंडायले गेलं तं ते वात त्या टोपलीत. ते घरच्या दिव्याची. फसवाफसवी करायची नाही वं माय, देव तुह्याच आत बसून पाहून राह्यला."

मी मोठ्या उत्साहानं बसले. दिवेलागणीला पाहते तर काय! घरच्या टोपलीला शीग लागलेली, आणि देवाच्या टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. मी रडकुंडीला आले.

"माई, असं तं माझं व्रत सात जन्मांत पुरं होत नाही. घडीघडी मन इंझोरीले पळते." इंझोरी माझं माहेर. "आज तं आईच्या हातचं पिठलं बी खाऊन आलं!"

माई हसली. "मन इंझोरीले गेलं, हे तुले सांगितलं कोनं?"

"कोनं सांगाव लागते? मले समजलं."

"तवा तू कोठी व्हती?"

"मी कोठी जाईन? मी तं इथंच व्हती."

"मंग झालं तं! पिठलं खायले गेलं ते मन. तू तं ओसरीवरून हाललीच नाही!"

मी हातातली वात आधी एका टोपलीवर धरली, मग दुसऱ्या. शेवटी विचारलं, "माई, मंग ही वात कोन्या टोपलीत टाकू?"

"जे इचारून राह्यली, तिलेच इचार," माई म्हणाली आणि तुळशीपाशी दिवा लावायला निघून गेली!

*

मास्तरीणबाई तिकडच्या देशावरच्या. नवीन आल्या तेव्हा गाडीच्या आवाजानं त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. क्वार्टर रुळाला खेटून. सारख्या म्हणायच्या, "अहो, गाडी घरातूनच जाते असं वाटतं!" पुढं सवय झाली. दुपारी वाती वळता वळता आमच्या ओसरीवर आडव्या व्हायच्या, मालगाडी शिट्टी मारत, भांडी हादरवत जायची, तरी ह्यांचं घोरणं चालूच.

"आता मला गाडी ऐकूच येत नाही," असं मोठ्या अभिमानानं सांगायच्या.

एके दिवशी पावसानं पुढं कुठंतरी लाईन खचली. गाडी आलीच नाही. ओसरीवर सगळं चिडीचूप. आणि ऐन गाडीच्या टायमाला मास्तरीणबाई खडबडून उठून बसल्या. "काय झालं? अहो, काय झालं?"

जैबुनबी म्हणाली, "काई नाई झालं, बाई. मालगाडी नाई आली, बस!"

माईनं हातातली वात खाली ठेवली. "मास्तरीणबाई, गाडी आली तं तुमी झोपता. नाही आली तं उठता. मंग रोज गाडी ऐकून राह्यलं कोन?"

मास्तरीणबाईंनी एकदा रुळाकडे पाहिलं, एकदा माईकडे. मग वैतागून म्हणाल्या, "तुमच्या घरी मेली साधी झोपसुद्धा सुखानं घेता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी येताना उशी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी आता झोपते. ती कोण ऐकणारी आहे, ती जागी राहते का तेवढं बघा!"

*

जैबुनबी मनानं लोणी, पण राग आला की तिच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नसे. एकदा तिची नणंद आली होती. चुलीपुढं बसून म्हणाली, "भाभी के हात में बरकतच नई." झालं! अंगणात गंज, म्हणजे पातेलं, आदळल्याचा ठणाण्‌कन आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कारसुद्धा थांबला.

थोड्या वेळानं जैबुनबी आली. लालबुंद. "माई, आज मेरा दिमाग फिर गया. असा राग आला का डोळ्यापुढं अंधारी! मी तं मीच नाई राह्यली. गंज उचलला अन् देला फेकून आंगणात."

माईनं सावकाश विचारलं, "कोनता गंज?"

"वोच, पिचका हुआ. पुराना."

"अन् नवा कोठी व्हता?"

"नवा? बाजूलेच व्हता. पह्यले हात त्याच्यावरच गेला, मंग..." आणि जैबुनबी थांबली. तिनं तोंडावर पदर धरला.

"मंग काय?"

"मंग म्हटलं, ये तो परसोंच लिया!"

हसून हसून आमच्या वाती उलगडल्या! माई म्हणाली, "तू तं राह्यलीच नव्हती ना वं जैबुन? मंग हे म्हटलं कोनं?"

"अल्ला जाने, माई," जैबुनबी डोळे पुसत म्हणाली, "पन जो कोई थी, बडी समझदार थी!"

तेव्हापासून भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला की आम्ही इकडून ओरडायचो, "कोनता?" आणि तिकडून एवढ्या रागातही उत्तर यायचं, "पुरानाच!"

*

आमचे भावजी, म्हणजे माईचे मालक, शेलूच्या बाजाराहून बैलगाडीनं परत यायचे. बैलांना रस्ता पाठ. गाडी दारात उभी राहिली तरी भावजी आत गाढ.

एकदा उठले, आळस दिला आणि म्हणाले, "वा! काय झकास झोप लागली. कशाची म्हणून शुद्ध नव्हती."

माई म्हणाली, "शुद्धच नव्हती तं झकास व्हती हे कोनं चाखलं?"

भावजी बैल सोडता सोडता म्हणाले, "गोदावरी, तुझ्या जावेले म्हण, पह्यले भाकर वाढ. चाखणाऱ्याले भूक लागली!"

माई इतकी खूश झाली की त्या दिवशी त्यांना तुपाची धार जास्त पडली.

*

पण हसण्याखिदळण्यात दिवस जात होते तसतसा तो मोतीबिंदू पिकत होता. दसऱ्याच्या सुमाराला माईनं तुळशीला घातलेलं पाणी वृंदावनाच्या बाहेर पडलं. मी पाहिलं. ती तशीच हात जोडून उभी. मला उमाळा आवरेना. मी मागच्या मागं स्वयंपाकघरात शिरले.

तिनं हाक मारली, "गोदे, रडून राह्यली काय?"

"नाही वं माई."

"नाकाचा आवाज येऊन राह्यला. ये इकडं, बस."

मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते विचारलंच. "माई, तुले भेव नाही वाटत? डॉक्टरनं वचन नाही देलं."

मला वाटलं, ही आता काही ज्ञानाची गोष्ट सांगेल. ती म्हणाली, "वाटते ना वं! लय वाटते. सकाळी उठली का छातीवरच बसलेलं असते. तुमच्या भावजीचं तोंड उद्या दिसते का नाही, नातीचं लग्न दिसते का नाही..."

मी तिचा हात घट्ट धरला. तिनं दुसऱ्या हातानं माझा हात थोपटला. मग म्हणाली, "पण एक सांगू का? गोदे, तुझं तोंड मले धुकटच दिसते आता. तुळस धुकट दिसते. पण हे भेव हाये ना, हे बाकी साफ दिसते! त्याले ना डावा डोळा लागत, ना उजवा."

एवढं बोलून तिनं डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं आणि कापूस पुढं ओढला. मी मात्र त्या दिवसापासून महादेवाला डोळा मागताना आणखी एक मागू लागले. म्हटलं, देवा, डोळा तिचा राख, आणि मला तिच्यासारखं पाहता येऊ दे.

*

वाती पुऱ्या झाल्या तेव्हा थंडी पडली होती, रब्बीची ज्वारी कणसावर आली होती. देवाच्याच टोपलीतल्या मोजल्या, बरं का! मग जऊळक्याहून गाडीत बसून आम्ही अकोल्याला गेलो. माई, भावजी आणि मी.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले आणि माईला जागीच ठेवून मोतीबिंदू काढला. नंतर दोन्ही डोळ्यांवर घट्ट पट्टी. डॉक्टरांनी बजावलं, "बाई, मान हलवायची नाही. खोकायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही. आत टाके नसतात, जरा धक्का लागला तर सगळं वाया जाईल."

माई दगडाच्या मूर्तीसारखी पडून राहिली. मीच तिला पेज भरवायची. भावजी बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालायचे, दारातून डोकं घालून विचारायचे, "हालली तं नाही ना?" ती ओठ न हलवल्यासारखं करून म्हणायची, "मी नाही हालली. तुमीच हालून राह्यले. बसा एका जागी!"

पट्टी सोडायचा दिवस उजाडला. भावजींनी आत यायला साफ नकार दिला. "तूच जाय गोदावरी, माझ्यानं पाहवत नाही," म्हणाले आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसले. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा ओढला. खोलीत मंद उजेड ठेवला. एकेक वेढा सुटू लागला. मी महादेवाचं नाव घेत होते.

शेवटचा कापूस निघाला. डॉक्टर वाकून म्हणाले, "बाई, काय दिसतं?"

माई म्हणाली, "अंधार."

मी खाटेचा दांडा धरला. डॉक्टरांचाही चेहरा उतरला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काहीच दिसत नाही?"

"काईच नाही कसं?" माई अगदी शांतपणे म्हणाली, "अंधार दिसून राह्यला ना! चांगला साफ दिसते. कोपरा ना कोपरा दिसते."

डॉक्टर आणखी खाली वाकले, तिच्या चेहऱ्याजवळ गेले, आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "अहो बाई, आधी डोळा तरी उघडा!"

"मले कोनं सांगितलं व्हतं उघडायले?" माई म्हणाली. "तुमीच तं म्हटलं, काई हालवायचं नाही!"

आणि तिनं डोळा उघडला.

पापणी थरथरली. पाणी आलं. डॉक्टरांनी एक जाड भिंग तिच्या डोळ्यापुढं धरलं. मग ती नजर हळूहळू खिडकीच्या पडद्यावर गेली, डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर गेली, कोपऱ्यातल्या स्टुलावर, पाण्याच्या तांब्यावर. मग माझ्यावर आली आणि थांबली. "गोदे, मंगळसूत्र उलटं पडलं वं तुझं," ती म्हणाली.

मी तिथंच मटकन खाली बसले आणि जमिनीला डोकं टेकवलं. बाहेरून भावजींचा आवाज आला, "काय म्हणते? काय म्हणते ते?" मी जमिनीवरूनच ओरडले, "दिसते, भावजी, दिसते!"

डॉक्टरही खुशीत आले होते. खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. म्हणाले, "बाई, मघाशी नुसता अंधार होता, आता एवढं सगळं दिसतंय. सांगा बरं, कसं वाटतं? केवढा फरक पडला!"

माईनं खरंच विचार केला. डोळा एकदा मिटला, एकदा उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. आणि मग म्हणाली,

"फरक म्हणसान तं, डॉक्टरसाहेब, सामान वाढलं!"

बायांनो, एवढं माझ्यासाठी करा. आज दिवेलागणीला, काडी ओढायच्या आधी, डोळे मिटून घटकाभर बसा आणि माईसारखा तो अंधार नीट पाहा बरं.