हेम्बाडूनबाईंचा मुका तास

नायजेरियातल्या ग्बोको गावच्या मिशन शाळेत हेम्बाडून अग्बेर बावीस वर्षं ख्रिस्ती धर्म शिकवत होत्या, तेही निव्वळ आवाजावर. त्या गोष्ट सांगायला लागल्या की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर खडू खाली ठेवून ऐकत बसत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला प्रोजेक्टर दिला तेव्हा बाई म्हणाल्या, "देवाचा शब्द ऐकायचा असतो. भिंतीवर काय बघायचंय?"

पुढच्याच वर्षी घशात गाठ निघाली. मकुर्डीच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तीन महिने बोलायला बंदी केली. मुख्याध्यापक म्हणाले, "घरी आराम करा, बाई. तास दुसऱ्या कुणाला देतो." बाईंनी वहीत लिहून दाखवलं: प्रोजेक्टर कुठे आहे?

संगणकाच्या आओन्दोना मास्तरांनी चार दिवस शिकवणी घेतली. "बाई, माउस आहे तो, यामचे कंद कुटायचं मुसळ नव्हे. जरा हळू."

पहिला धडा चांगल्या शोमरोन्याचा: लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक आणि देवळातला सेवक लेवी ओलांडून जातात, परक्या जमातीतला शोमरोनी मात्र त्याला उचलून नेतो. नेटवरची चित्रं भिंतीवर उमटली, सगळी गोऱ्या चेहऱ्यांची. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, यात आपल्याकडचं कुणीच नाही का?"

बाईंच्या मनाला ते लागलं. शनिवारी फोन घेऊन त्या बाजाराच्या रस्त्यावर गेल्या. शाळेच्या रखवालदाराला कपाळाला टोमॅटो फासून आडवं केलं. याजक झाले गणिताचे मास्तर, लेवी झाला चर्चमधला गाणारा. शोमरोनी कुणाला करायचं, यावर मात्र त्या बराच वेळ अडल्या. शेवटी बाजाराच्या तोंडाशी मांस भाजून विकणाऱ्या बुबापुढे त्यांनी चिठ्ठी धरली. बुबा फुलानी, गुरं राखणाऱ्या जमातीतला, आणि या भागातल्या शेतकऱ्यांचं त्या जमातीशी जुनं वैर. शेजारच्या मिरचीवालीने ती वाचून दाखवली.

"मला कशाला यात ओढता?" बुबा म्हणाला. "तुमचेच लोक मला झोडपतील."

"अरे, माणूस उचलायचाय, गाय नाही," मिरचीवाली म्हणाली. "जा की."

बुबा हात धुऊन आला.

सोमवारी भिंतीवर रखवालदाराला बघून वर्ग खदाखदा हसला. बुबा दिसला आणि हसू थांबलं. एर्दू उभी राहिली. तिचं कुटुंब गाव सोडून दोन वर्षं निर्वासितांच्या छावणीत होतं.

"बाई, हे बरोबर नाही. यांच्याच लोकांनी आमचं घर जाळलं."

एरवी बाईंनी पाच मिनिटांत सुंदर प्रवचन देऊन हे मिटवलं असतं. आता शब्द ओठांशी येऊन अडले. तेवढ्यात वीज गेली. पुढच्या बाकावरच्या तेर्सूने खिडकीचा पडदा सारला आणि तो म्हणाला, "शोमरोनीपण ज्यूंचे शत्रूच होते ना. म्हणून तर येशूने तो निवडला."

"तू राहिलायस छावणीत?" एर्दूने विचारलं.

"नाही."

"मग बस खाली."

घंटा झाली तरी कुणी हललं नाही. पोरं भांडली, दोघी रडल्या. बाई नुसत्या ऐकत राहिल्या. बावीस वर्षांत या पोरांच्या मनात काय आहे ते आपण कधी ऐकलंच नव्हतं, हे त्यांना तेव्हा जाणवलं.

दोन दिवस एर्दू शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "फोटो राहू द्या. पण खाली लिहा, या दोघांच्या लोकांत घरं जाळण्यापर्यंत वैर होतं. ते झाकू नका."

बाईंनी तिलाच खुर्चीवर बसवलं आणि ती ओळ तिच्याच हाताने टाइप करून घेतली.

बाईंचा आवाज परतला, पण घोगरा. तो फोटो त्या दरवर्षी ओळीसकट दाखवतात, मग खुर्चीत बसतात आणि पोरांचं बोलून होईपर्यंत उठत नाहीत.