ह्यांच्या मानेचा कल

हे गेल्यावर त्यांच्या वस्तूंची मी यादी केली आणि एकेक मार्गी लावली. शेवटी उरलं विमानाच्या खेळाचं सामान. ते नांदेडच्या धाकट्या दिरांना द्यायचं ठरलं.

लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आमची अडत. तूर-सोयाबीनचे भाव ऐकताना हे फोन कानखांद्यात दाबून धरत, म्हणजे हात लिहायला मोकळे. त्यानं मान डावीकडे कलली ती कललीच. मोंढा उठला की घरी येऊन संगणकावर विमान उडवत. डोळ्यांवर चढवायचा जुना व्हीआर हेडसेट घेतला होता. त्याला डोकं वळलेलं कळे, पुढं झुकलेलं कळत नसे. मग ह्यांनी त्याच्या कपाळावर रिमोटमधले तीन दिवे बसवले आणि समोरच्या वेबकॅमवर फोटोच्या निगेटिव्हचा काळा तुकडा चिकटवला. कॅमेऱ्याला तेवढे दिवेच दिसत, त्यावरून डोकं कुठं आहे ते कळे. एकदा सरळ बसून बटन दाबायचं. संगणक तेच 'सरळ' म्हणून लक्षात ठेवी.

सामान न्यायला आलेल्या दिरांनी खुर्चीत बसून हेडसेट चढवला आणि हसलेच. "वहिनी, विमान पडायलंय की! सगळं वाकडं दिसायलंय."

"नीट बसा, भाऊजी."

"नीटच बसलोय." त्यांनी मान जराशी डावीकडे टाकली. "हां, आता झालं सरळ."

मी दारात होते. पाठमोरी खुर्ची, तीच मान, तसाच वर आलेला खांदा. हातातला चहा मी खाली ठेवला.

"दादानं मान वाकडी ठेवूनच बटन दाबलं असंल. मी परत दाबतो, पहिलं पुसून जाईल."

"थांबा."

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. खड्ड्यातही ह्यांची मान डावीकडेच येत होती. लोकांनी ती पुनःपुन्हा सरळ केली, शेवटी बाजूला विभूतीचे गोळे रचून टेकवली. राहू द्या म्हणावंसं वाटलं होतं. म्हणाले नाही.

भाऊजींना उठवून मी खुर्चीत बसले, हेडसेट घातला. मान कलती केली तशी धावपट्टी सरळ झाली. कानाशी कुणी हळू आवाजात भाव सांगतंय असं वाटलं, खांदा आपोआप वर गेला.

"राहू द्या, भाऊजी. हे नाही देत. तुम्हाला दुसरा घेऊन देते."

ते चहा पिऊन नांदेडला गेले. मी खोली झाडून घेतली. खुर्ची मात्र हलवली नाही. ती जागची सरकली की कॅमेऱ्याचं माप चुकतं.