हिच्या हातचा वारा

चंद्रकांताबाईंना कुठेही नेऊन बसवा, बसल्या जागी काय खुपतंय हे त्या आधी शोधून काढतात. वरठीच्या स्वतःच्या घरातही त्यांची खुर्ची एका जागी टिकत नाही. नवरा होता तेव्हा म्हणायचा, स्वर्गात जागा मिळाली तरी ही खिडकीजवळची मागेल. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सारा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीतल्या बायकांबरोबर त्या गावोगाव प्रार्थनेला जाऊ लागल्या. प्रार्थना त्या सुरेख करतात, फक्त त्यांच्याबरोबर प्रवास करायची पाळी कोणावर येऊ नये.

त्या मे महिन्यात ही पाळी रीनावर आली. मंडळीतली ही तरुण शिक्षिका त्यांना मावशी म्हणायची आणि निमूटपणे त्यांची पिशवी उचलायची. दोघी अड्याळला बसमधून उतरल्या आणि ऑटोनं तलावाकाठच्या एका गावी पोचल्या. तिथे धुरपता नावाच्या, मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बाईनं त्यांना बोलावलं होतं. तिची मुलगी तापातून उठली होती. आजारपणात रीना दवाखान्यात येऊन प्रार्थना करायची, म्हणून आता तशीच प्रार्थना आपल्या अंगणात व्हावी, अशी धुरपताची इच्छा होती. संध्याकाळसाठी तिनं शेजारपाजारच्या बायकांना सांगून ठेवलं होतं. शेणानं अंगण सारवून तयार होतं.

इकडे बाईंचा जीव मात्र आल्यापासून थाऱ्यावर नव्हता. ऑटोत कंबर आखडली होती, रांजणातलं पाणी प्यावं की नाही कळत नव्हतं, आणि लाइट गेलेली. त्या ओट्यावर बसल्या, उठून कडुनिंबाखाली गेल्या, तिथे मुंग्या निघाल्या म्हणून परत आत आल्या. घरचा पंखा आणि घरची उशी डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी रीनाला बाजूला घेऊन त्यांनी सांगून टाकलं, की इथल्या सडकेवरून चारला बस जाते, तिनं आपण परत जायचं, गुडघा दुखतोय असं धुरपताला सांगू. रीना म्हणाली, मावशी, एका रोग्याजवळ म्हणणं वेगळं, सगळ्यांसमोर मला प्रार्थना चालवता येत नाही, आणि त्या बायका तर येणार. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनातून लाज वाटत होती, नाही असं नाही, पण पंख्याची ओढ लाजेपेक्षा मोठी होती.

जेवायला उशीर झाला. भात आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा ताटात आला. बाई दाराकडे पाठ करून पाटावर टेकल्या आणि पाठीला वारा लागला. लाइट आली एकदाची, असं पुटपुटत त्यांनी डोळे मिटले. लहानपणापासून प्रत्येक ताटावर म्हटलेली प्रार्थना त्यांनी बसच्या घाईत एका दमात उरकली. "प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो, आमेन."

वारा एकदम थांबला. बाईंना वाटलं, गेली परत. त्यांनी वर पाहिलं. छताचा पंखा धुळीनं माखलेला, आणि त्याच्या पात्यांवर कोळ्याचं जाळं तसंच्या तसं होतं. मागे वळल्या तर धुरपता धान्य पाखडायचं सूप हातात धरून उभी होती. तिचा चेहरा घामानं निथळत होता आणि पार उतरला होता.

"उपकार कायचे, बाई?" ती म्हणाली. "माह्या घरी जेवाले बसल्या, थ्या मंदी उपकार कुठून आले? आमी कोणाले जेवू घालून उपकार नाही करत."

रीना समजावू लागली, की हे देवाला म्हणायचं असतं, तुम्हाला नाही. धुरपतानं थोडा विचार केला. राग गेला होता, पण समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"मंग नीट सांगा न त्याले, कायच्यासाठी थे. नुसतं उपकार म्हटलं तं त्याले तरी काय समजन?"

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. मरणाच्या दारातल्या रोग्यांजवळ त्या तासभर बोलायच्या. पण सकाळपासून मनात फक्त तक्रारी साठल्या होत्या, देवाला सांगण्याजोगं काही सापडेचना. तेवढ्यात पाठीला पुन्हा वारा लागला. धुरपतानं सूप हलवायला घेतलं होतं.

"प्रभू," बाई कशाबशा म्हणाल्या, "मला वारा लागला. तो हिच्या हातचा होता. मला पंख्याचा वाटला." डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"आता समजलं असंन त्याले," धुरपता म्हणाली. "जेवा, भात थंडा होऊन राहिला."

बाई जेवल्या. कंबर ठणकत होती, पाट टोचत होता, आणि हे दोन्ही त्यांनी रीनाला सांगितलंच. मग सडकेकडून बसचा हॉर्न ऐकू आला. रीना उठली आणि तिनं पिशवी उचलली.

"ठेव ती," बाई म्हणाल्या. त्यांनी धुरपताच्या हातातलं सूप काढून घेतलं, तिला पाटावर बसवलं आणि तिचं ताट वाढायला रीनाला सांगितलं.