रवंथ ऐकणारा माणूस

एक तळहात गाईच्या डाव्या कुशीवर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवायचं. मग गाईचा मालक, त्याचा भाऊ आणि डॉक्टर असलेली मी, सगळेच गप्प. "थांबा म्याडम," ते कुजबुजायचे, "गाय बोलून राह्यली."

डोणगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवीन रुजू झाले तेव्हा ते तिथे परिचर होते. जनावर धरणं, जखमा धुणं, सुया उकळणं हे त्यांचं काम. पण तुम्हीही पाहिलं असेल, काही माणसांचं खरं काम हजेरीपटावर नसतं.

एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर एक सीडी ठेवली. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'रवंथ'. जुन्या स्टेथोस्कोपच्या नळीत मोबाइलच्या इयरफोनचा माइक खुपसून, चिकटपट्टी गुंडाळून त्यांनी गाई-बैलांच्या पोटातले आवाज टिपले होते. गाणं नाही, बोलणं नाही. नुसती गुरगुर, चघळणं, मधेच हृदयाचे ठोके. मेहकरला जाऊन त्यांनी पदरच्या पैशानं पन्नास सीड्या करून आणल्या होत्या.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

"दवाखान्यात येते ते बिमार जनावर. चांगल्या जनावराचं पोट कोन आयकते, म्याडम?"

मी ती खणात टाकली. घरी सीडी लावायला काही नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला हसू आलं होतं. शेतकऱ्यांनी नेलेल्या सीड्या तर शेतात पाखरं हाकलायला टांगलेल्या मी पाहिल्या. त्यांनीही पाहिल्या. "चमकते तं चांगली," एवढंच म्हणाले.

वर्षभरानं माझी बहीण पुण्याहून आली आणि गंमत म्हणून एक घेऊन गेली. तिच्या मित्रानं ती इंटरनेटवर टाकली. पुढचं मला अजूनही नीट समजलेलं नाही. कुठकुठली माणसं ती ऐकू लागली, एकमेकांना पाठवू लागली, कोणती गाय सगळ्यात चांगली यावर भांडू लागली. एका बाईंनी लिहिलं की मूल गेल्यापासून त्यांना झोप नव्हती. तिसरा आवाज लावला आणि झोप लागली.

मी ते वाचून दाखवलं. त्यांनी बोटांवर गाई मोजल्या. मग म्हणाले, "तिसरी म्हंजे कपिली." दुसऱ्याच दिवशी सायकल काढून ते कपिलीच्या मालकाकडे गेले. "तुमच्या गाईनं एका बाईले झोपवलं!"

मालक म्हणाला, "हाव, पन दूध कमी देऊन राह्यली, त्याचं काय?"

हे ते मला सांगताना इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पुण्याच्या कुणीतरी सीडी नव्यानं काढू म्हटलं, बासरी आणि तबला घालून. यांनी फोनवर नम्रपणे विचारलं, "बासरी वाजवली तं जनावर कसं आयकू येईन?" ती नव्यानं निघाली, पण बासरीशिवाय. वेष्टनावर स्वतःचा फोटो त्यांनी छापू दिला नाही. गाई-बैलांची नावं मात्र सगळी घातली.

त्यांच्या घरी कुणीच ती ऐकली नव्हती. "दिवसभर गोठ्यातच असते मी," त्यांची बायको म्हणायची, "अजून काय आयकू?"

निवृत्तीनंतर वर्षाच्या आतच ते गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला अंगणात मंडप होता. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. तेवढ्यात फाटकाशी तीन तरुण पोरं दिसली, दोन मुलगे आणि एक मुलगी. पाठीला पिशव्या, अंगावर बसच्या प्रवासाची धूळ. आत यावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. आमच्या परिचरांची बायको पुढे गेली.

"तुमी कोनाकडचे?"

"कोणाकडचेच नाही," मुलगी म्हणाली. "आम्ही काकांची सीडी ऐकतो. रोज."

ती त्या तिघांकडे पाहत राहिली. मग पंगतीकडे वळून म्हणाली, "सरका थोडे. घरचे लोक आले."