सामायिक कपाट आणि मगदूम सरांच्या नावावरची माझी चूक

मगदूम सरांची माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. आठवडाभर घोकंपट्टी करून मी मुरगूडहून कसबा बावड्यातल्या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात धापा टाकत पोचले. सरांनी विचारलं, "मुरगूडची गाडी किती वाजता सुटली?" मी वेळ सांगितली. सरांनी खिळ्याला टांगलेली वही काढली, दोरीला बांधलेल्या पेनानं ती वेळ लिहिली आणि म्हणाले, "आता हितं तुमाला हे परत कोन इचारायचं न्हाई. कामाला कदी येताय?" झाली मुलाखत. सरांच्या घरी कन्नड बोलतात. थोरल्या बहिणीला म्हणतात ते 'अक्का' त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला लावून टाकलं.

सरांच्या साठीनिमित्तच्या गौरव समितीनं पत्र पाठवलं, 'सरांच्या गुणांवर लिहावे.' गुणांवर लिहायला बाकीची मंडळी आहेत, आणि ती पानं भरून लिहितील. मला सरांच्या चुकीवर लिहायचं आहे. इतक्या वर्षांत सरांच्या हातून एकच घोळ झाला, असं अख्खा तालुका मानतो. तो घोळ त्यांचा नाही, माझा आहे. साठीच्या सत्काराआधी तो त्यांच्या नावावरून उतरला नाही, तर मला त्या दिवशीचं जेवण गोड लागायचं नाही.

आमचा प्रोग्राम गावोगावच्या दूध संस्थांचे सकाळचे आकडे दूध संघाच्या संगणकावर पाठवतो. प्रत्येक संस्थेची जोडणी वेगळी. पूर्वी प्रत्येक जोडणी संघाचा पत्ता नव्यानं शोधायची, मधे कुणी चोरून ऐकू नये म्हणून सुरक्षेची बोलणी नव्यानं करायची. सर वैतागायचे. "येकाच घरातली धा मानसं येकामागनं येक शेजाऱ्याला 'किती वाजलं' इचारत्यात. शेजारी खुळा हुईल की."

आम्ही वापरायचो त्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, यावर सोय होती. सगळ्या जोडण्यांना मिळून एक सामायिक कपाट करता येतं. एकीनं शोधलेला पत्ता तिथं ठेवायचा, बाकीच्यांनी तिथून उचलायचा. कपाटात काय ठेवायचं ते आपण सांगायचं आणि कुलूपही आपणच आणायचं, ते लायब्ररी देत नाही. दोन जोडण्यांनी एकदम हात घातला की सगळा प्रोग्राम आडवा. हे शिकवायला सरांनी पुस्तक काढलं नाही. खिळ्यावरच्या वहीकडं बोट केलं. "पेन ज्याच्या हातात, वही त्याची. तवर बाकीच्यांनी च्या प्यावा." कुलूप मी चोख लावलं होतं. तिथं माझं काही चुकलेलं नाही, हेही इथंच नोंदवून ठेवते.

चुकलं ते पुढं. पत्ता आणि सुरक्षेची बोलणी एवढंच ठेव, असं सरांनी बजावलं होतं. मला वाटलं, एवढं मोठं कपाट केलंय तर अर्धं रिकामं कशाला? मी कुकीही आत टाकली. कुकी म्हणजे कोण आत आलंय हे संघाच्या संगणकाला सांगणारी चिठ्ठी.

मुरगूडच्या वाटेवरच्या एका गावात दोन दूध संस्था समोरासमोर आहेत. एक दत्तू अण्णांची, दुसरी शामराव आबांची. दोघांचे गट वेगळे आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्या सकाळी आधी अण्णांची जोडणी आत गेली. मागून आबांची गेली, ती अण्णांचीच चिठ्ठी दाखवून. आबांच्या संस्थेचं चांगलं घट्ट दूध अण्णांच्या नावावर चढलं. अण्णांच्या संस्थेचं फॅट एका सकाळीत एवढं वाढलेलं बघून त्यांनी गावात पेढे वाटले. पेढे संपले आणि मग कळलं, म्हशी समोरच्यांच्या होत्या.

दुपारी दोघंही ऑफिसात हजर. दोन टोकांच्या खुर्च्यांवर, तोंडं भिंतीकडं. आबा गरजले, "आमी गावात गनपती बी येगळा बसवतो. आनि तुमी आमचं लॉगिन येक करून ठेवलंसा व्हय?" अण्णांना पेढ्यांचा सल होता. "कुनी लिवलंय हे? त्याला आदी घरी घालवा. न्हाईतर आमी संस्था तुमच्याकडनं काढून नेतो."

मी प्रिंटरमागं उभी होते. नोकरीचं पहिलं वर्ष. एकही तक्रार आली तर सरळ गावाकडं यायचं, या बोलीवर वडिलांनी मला पाठवलेलं. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

सर म्हणाले, "लिवलं मीच. चूक माझी. उद्या सकाळी दुरुस्त आसंल."

दोघं गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "अक्का, कपाटात काय काय ठेवलंस?"

"सगळं."

"पत्ता समद्यांचा येकच आसतोय. वळख ज्याची त्याची." एवढंच बोलले. मग चुरमुऱ्यांची पुडी सोडून शेजारी बसले आणि मी दुरुस्ती करेपर्यंत हलले नाहीत. मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं? म्हणाले, "माझं नाव त्येंनी लई वर्सं बघितलंय, येक चूक खपतीया. तुझं नाव अजून व्हायचं हाय."

ते नाव झालं. आज उचगावात माझं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली चार माणसं आहेत. आणि अण्णा-आबा मात्र आजही सरांची ओळख करून देताना म्हणतात, "मानूस हुशार, पन येकदा घोळ घातलावता." तालुक्यात या दोघांचं एकमत असलेली ही एवढी एकच गोष्ट. सर शेजारी उभे राहून मान डोलावतात. हे दोघंही आता गौरव समितीत आहेत, म्हणजे हा लेख त्यांच्याच हातून जाणार.

तर अण्णा, आबा, ते मी लिहिलं होतं. ज्या काही शिव्या उरल्या असतील त्या उचगावला आणून द्या, मी सकाळी दहानंतर असते. सरांचे गुडघे बरे राहोत, दृष्टी तेज राहो, आणि पुढची चाळीस वर्षं त्यांना दुसऱ्या कुणाच्या चुकीवर मान डोलवावी लागू नये. निदान माझ्या तरी नाही.