दुसऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ

“त्या मुलीला विचारा की. अक्का पुढचं घड्याळ कुठलं घेणार होत्या, ते तिला सोडून कुणाला ठाऊक असणार?”

आत्याच्या तेराव्याचं जेवण चाललं होतं आणि मी तुपाचं भांडं घेऊन पंक्तीतून परतत होते. दाराशी राघण्णा उभे होते. हे आत्याचे घड्याळांच्या नादातले सर्वांत जुने मित्र, तिला अक्का म्हणणारे, आणि ते बोलत होते चिक्कपेटेतल्या घड्याळवाल्याशी. मला वाटलं, ती मुलगी म्हणजे मी. दुसरं कोण असणार? मी तिची एकुलती एक भाची. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि आम्ही खाली, जन्मापासून. मी भांडं टेबलावर ठेवलं, ओढणीला हात पुसले आणि एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा... तेवढ्यात राघण्णांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हात केला. “ऋता, स्वल्प इकडं ये अम्मा.” मी भांडं परत उचललं. पंक्तीत कुणालाच आणखी तूप नको होतं, तरी मी पुन्हा एक फेरी मारली. फिरताना माझे कान दाराकडे होते. ऋता हळू आवाजात म्हणाली, “मला खरंच नाही माहीत हो.” माझा विश्वास बसला नाही. तिला माहीत असणार आणि ती ते स्वतःपाशी ठेवणार, असंच मला वाटलं.

आत्याला जाऊन आता काही आठवडे झाले. एका सकाळी ती उठलीच नाही, एवढंच. विमा कंपनीतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, के. आर. पुरमच्या बाजारात भाजीवाल्यांशी कानडीत भांडणारी आणि घरी येऊन त्याच भांडणाची मराठीत नक्कल करणारी बाई. तिच्याबद्दल लिही असं मला बाबांनी सांगितलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरापुरतं. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं, त्यामुळे घरातलं मराठीसुद्धा अर्धं इथल्या मातीचं. पण आत्या माझ्याशी मराठीतच बोलली, म्हणून तिच्याबद्दल मराठीतच लिहिते आहे.

तिच्याकडे चावीची घड्याळं होती. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाला ती घड्याळ मानायचीच नाही. “त्याला माझी गरज नाही, मग मला त्याची कशाला?” म्हणायची. घड्याळं फार महागाची नव्हती आणि संख्येनंही फार नव्हती. पण प्रत्येक घड्याळ घरात यायला महिने लागत, कारण घेण्यापेक्षा ठरवण्यात तिला जास्त रस होता. बसवनगुडीतल्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, दर रविवारी सकाळी पाच-सहा जण जमायचे. उभ्या टेबलाभोवती कॉफी, मध्ये एक स्वच्छ रुमाल, रुमालावर घड्याळ. विकायला आलेलं घड्याळ चिक्कपेटेतले घड्याळवाले त्यांना आठवडाभर वापरायला देत. अशा घड्याळाला ते सगळे ‘पाहुणा’ म्हणायचे. “काय अक्का, पाहुणा ठरला का जावई?” असं राघण्णा विचारायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

पुढचं घड्याळ कुठलं घ्यायचं, हे ठरवायची प्रत्येकाची रीत वेगळी होती. राघण्णांच्या घरी एक आलं की एक गेलंच पाहिजे, हा त्यांच्या बायकोचा हुकूम. त्यामुळे ते नवं घड्याळ बघायचेच नाहीत. आपल्याकडचं कुठलं सोडवेल याचा विचार करत बसायचे, आणि ते सापडलं की नवं आपोआप ठरायचं. एक दंतवैद्य होते, ते आपल्या पेटीत कुठली जागा रिकामी आहे तेवढंच बघत. काळी तबकडी आहे, पांढरी आहे, मग आता निळी हवी. आत्या त्यांना चिडवायची, “डॉक्टर, ही काय कवळी आहे का?” आणि आत्याची रीत अशी, की ती पाहुणा स्वतःच्या हातावर जेमतेम एक दिवस ठेवायची. मग तो दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावर बांधायची आणि समोर बसून नुसती बघत राहायची.

ते दुसरं मनगट पुष्कळ वर्षं माझं होतं. मी शाळेतून आले की जिन्यावरूनच हाक यायची, “मधू, हात दे.” मी दप्तर न काढताच हात पुढे करायची. तिची बोटं थंड असायची. शेवटच्या भोकालाही पट्टा सैल पडायचा, मग ती त्याच्याखाली हातरुमालाची घडी सरकवायची. “आता गृहपाठ कर. माझ्याकडे बघू नकोस.” मी इंग्रजीचे निबंध लिहायची आणि ती पलंगावर मांडी घालून माझ्या हाताकडे बघत बसायची... शाळेत मला कुणी फारसं बघायचं नाही. मी मागच्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी. घरी मात्र एक मोठं माणूस तासन्‌तास माझ्याकडे बघत बसायचं. घड्याळाकडे का असेना. कधी ती विचारायची, “कसं वाटतंय?” मी म्हणायची, “छान आहे.” मला सगळीच छान वाटायची. थोड्या वेळानं ती मान हलवून घड्याळ काढून घ्यायची. काही घड्याळं राहिली, पुष्कळशी परत गेली. कुठलं का राहिलं, ते मी कधी विचारलं नाही. कॉलेजात गेल्यावर रविवारी मीही तिच्याबरोबर मेट्रोनं जायला लागले. मॅजेस्टिकला गाडी बदलताना ती माझं मनगट धरून चालायची. दर्शिनीत मी बोलायची नाही. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. राघण्णा म्हणायचे, “ही पुट्टी, ही चिमुरडी म्हणजे अक्कांचा घड्याळ ठेवायचा स्टँड,” आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग ऋता आली. पुण्याची, आयटीतली, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन ती चिक्कपेटेत गेली होती आणि तिथे आत्यानं तिला हेरलं. पहिल्याच रविवारी तिनं रुमालावरचं घड्याळ न विचारता उचलून कानाला लावलं आणि म्हणाली, “ई, हे दमेकरी आहे.” सगळे हसले. आत्या सर्वांत जास्त हसली. मग आत्या म्हणाली, “ए पुणेकर, हात दे बघू.”

हात दे. माझे दोन शब्द. मी कॉफीचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

त्यानंतर पाहुणे ऋताच्या हातावर बसायला लागले. आत्या टेबलापलीकडून बघायची, डोळे बारीक करून, ओठ आवळून. माझ्याकडे तिनं असं कधी बघितलेलं नव्हतं. आणि ठरायचंही पटकन. “काढ, काढ, दे इकडे,” असं म्हणून ती घड्याळ जवळजवळ ओढून घ्यायची, आणि ते राहायचंच. आधीच्या कितीतरी वर्षांत आली नसतील एवढी घड्याळं त्या दीड-दोन वर्षांत आली. मी घरी आरशासमोर उभी राहून माझं मनगट बघायची. फार बारीक आहे का? हाड दिसतं म्हणून का? ऋताचं मनगट गोल, सावळं, भरलेलं. तिच्या बोलण्यातले पुणेरी टोमणे, आत्याला ‘अक्का’ म्हणताना पहिल्या अक्षरावर दिलेला चुकीचा जोर, पुण्याचं माणूस कळावं असा तो ‘च’... मला सगळं पाठ झालं होतं. माणूस आवडत नसलं की ते किती बारकाईनं बघितलं जातं! मला बोम्मसंद्र्याला नोकरी लागली, जाण्यायेण्यात दिवस संपायला लागला, तेव्हा रविवारी थकवा येतो हे कारण मिळालं. आत्या जिन्यावरून विचारायची, “येतेस?” मी म्हणायची, “तू जा.” ती थोडी थांबायची आणि जायची. मेट्रोत आता ती कुणाचं मनगट धरत असेल, हा विचार मी करायची नाही, म्हणजे तोच करत बसायची.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, तर ती आमच्याच स्वयंपाकघरात आईशी बोलत बसली होती. मला बघून म्हणाली, “मधू, हात दे.” इतक्या दिवसांनी! मी हात धुतला नव्हता, तरी दिला. नवा पाहुणा होता. लहानसं चौकोनी घड्याळ, साईच्या रंगाची तबकडी, निळे काटे. पट्टा शेवटच्या भोकात बसला. ती समोर स्टुलावर बसून बघायला लागली. आईची फोडणी झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी ती बघत होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग ती एकदम हसली आणि पट्टा सोडवायला लागली. “नाही गं. तुझ्यावर नाही जमत.” एवढं म्हणून घड्याळ मुठीत घेऊन ती जिना चढून गेली.

माझ्याशी ती शेवटचं बोलली ते हे. तेराव्याला तूप वाढताना माझ्या डोक्यात हेच होतं... तुझ्यावर नाही जमत.

तो पाहुणा तिच्या उशाशीच राहिला होता. घड्याळवाल्यांनी घाई केली नाही, पण ठेवायचं की परत करायचं हे कधीतरी सांगायला हवं होतं. बाबा म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा. म्हणून गेल्या रविवारी राघण्णा आणि ऋता आमच्याकडे आले. दर्शिनीतला तो रुमाल राघण्णांनी धुऊन, इस्त्री करून आणला होता. आत्याच्या खोलीत पलंगावर तो पसरला आणि त्यावर घड्याळ ठेवलं.

“अक्कांच्या मनात काय होतं कोण जाणे,” राघण्णा म्हणाले.

“ऋताला माहीत असेल,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच आंबट लागला.

ऋतानं माझ्याकडे बघितलं. तिला राग आलेला दिसला. “मला? हा पाहुणा त्यांनी माझ्या हातावर घातलाच नाही. त्यांच्या शेवटच्या रविवारी दे म्हटलं तर म्हणाल्या, आधी एकदा मधूवर बघते.” मग जरा थांबून म्हणाली, “तुला खरंच माहीत नाही का गं त्या काय बघायच्या ते?”

“कसं दिसतं ते.”

“छे! दिसतं कसं ते त्यांना रुमालावरच कळायचं. दुसऱ्याच्या हातावर घालायचं आणि बघत बसायचं. आपल्या पोटात दुखलं, हिच्याकडे का आणि माझ्याकडे का नाही असं वाटलं, तर घ्यायचं. नाही दुखलं तर परत. माझ्या हातावर बघून त्यांच्या पोटात लगेच दुखायचं. हिसकावून घ्यायच्या अक्षरशः.” ती पलंगाच्या कडेला बसली. “एकदा विचारलं मी, अक्का, घरात भाची असताना मला कशाला पकडलंत? तर म्हणाल्या, तिच्यावर बघून काही कळतच नाही. जे घालावं ते तिचंच वाटतं. माझ्या पोटात दुखायच्या ऐवजी बरंच वाटतं, मग ठरवू कशी? चांगली चांगली घड्याळं गेली म्हणाल्या या पोरीपायी.” ऋतानं नाक ओढलं. “मला किती वाईट वाटलं होतं सांगू तेव्हा? पंधरा मिनिटं चेहरा पाडून बसले होते. कुणाच्या लक्षातही आलं नाही.”

राघण्णा खिडकीबाहेर बघायला लागले.

मला रडू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी आला तो रागच. हे तिनं ऋताला सांगितलं. मला, जिच्याबद्दल होतं तिला, नाही सांगितलं. जिन्याच्या बारा पायऱ्या उतरून ती हे सांगू शकली असती, आणि मीही चढून विचारू शकले असते. पण आम्ही दोघी तशाच, एकीनं बघायचं आणि दुसरीनं हात पुढे करायचा. स्टुलावरचं तिचं ते हसणं मला पुन्हा दिसलं. या वेळी नीट दिसलं.

“मग काय करायचं?” राघण्णा म्हणाले. “अक्कांचं तर ठरलंच नव्हतं. परत देऊ या, सरी? चालेल?”

ऋतानं घड्याळ उचललं. चार वेळा चावी दिली, कानाला लावलं. “छान चालतंय,” ती हळूच म्हणाली आणि तिनं ते मनगटावर बांधलं. हात लांब धरून बघितला. साईच्या रंगाची ती तबकडी तिच्या सावळ्या हातावर फार सुंदर दिसत होती. माझ्या हातावर दिसली होती त्याहून कितीतरी सुंदर, हे मला मान्य करावं लागलं. “कुणाचंच ठरत नसेल तर...” तिनं बिचकत माझ्याकडे बघितलं. “मी घेऊ? अक्कांची आठवण म्हणून. तुझी काही हरकत नसेल तर हं, मधुरा.”

‘तू घे’ हे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. ते नेहमीच तयार असतात. पण माझं लक्ष त्या निळ्या काट्यांवरून हलेना, आणि बरगड्यांच्या खाली, पोटात, काहीतरी खरोखर पिळवटायला लागलं.

“काढ,” मी म्हणाले. “ते मला हवंय.”