ताईची चिमूट

बंदरावरच्या मासळीच्या शेडमध्ये तिला सगळे पट्टीताई म्हणत. सव्वीस वर्षं ती एकाच स्टीलच्या टेबलापाशी उभी होती. आजवर किती मासे मोजलेस, असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "तुझ्या डोक्यावर केस आहेत ना, त्याहून जास्त." हे मुकादमाला सांगताना ती मुद्दाम त्याच्या टकलाकडे बघून थोडं थांबे. मुकादमही हसे, कारण न हसून करतो काय?

काम सोपं होतं. बोटींवरून क्रेट उतरत. प्रत्येक क्रेटमधून हाताला येतील ते दहा मासे काढायचे. लाकडी फळीच्या एका टोकाला ठोकळा आणि दुसऱ्या टोकाजवळ लाल रेघ होती. त्याला माशाचं नाक टेकवायचं, मासा सरळ निजवायचा आणि शेपूट जशी पडेल तशी पडू द्यायची. शेपटीचं टोक लाल रेघेपलीकडे गेलं की मासा पास. रेघेच्या आत राहिला तर तो अजून पिल्लू, एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेलं. दहात दोनपेक्षा जास्त पिल्लं निघाली की अख्खा क्रेट बाद. पास झालेल्या क्रेटला ती निळी पट्टी बांधी. 'समुद्राची काळजी घेऊन पकडलेला' असं त्या पट्टीवर छापलेलं असे. दुकानात ती पट्टी बघून लोक निर्धास्त होत. हाच द्या म्हणत आणि आपण काहीतरी चांगलं केलं या समाधानात घरी जात.

तिने स्वतः मात्र चार वर्षांत माशाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. नवरा बर्फाचा ट्रक चालवायचा. तो म्हणे, "मासळीच्या शेडमधली बायको केली, वाटलं जन्माची चंगळ झाली. नशिबात दुधीभोपळा!" सगळ्यांना वाटे, वासाने हिला वीट आला असेल. वासाचं तिला काहीच नव्हतं. तिला शिसारी यायची ती स्वतःच्या अंगठ्याची आणि त्याच्या शेजारच्या बोटाची.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने स्वतःची बोट घेतली. पहिल्याच फेरीचा माल तिच्या टेबलावर आला आणि मासे रेघेला टेकेनात. भाऊ समोर उभा, तीन दिवसांची दाढी, डोळे लाल. या माशाची शेपूट दुभंगलेली असते. तिने त्या दोन्ही पाती चिमटीत धरून एकत्र दाबल्या. टोक बोटभर पुढे सरकलं, रेघ ओलांडून गेलं. तेवढंच. ओढलं नाही, खोटं काही लिहिलं नाही. एकदाच, असं तिने मनाशी म्हटलं.

शेजारच्या टेबलावरच्या थोरलीने ते पाहिलं. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून ती थोरली. आठवड्याभरात थोरली तसंच मोजू लागली, मग बाकीच्या. नव्या आलेल्या बायकांना तर मोजायची रीत म्हणून तेच शिकवलं जाऊ लागलं. नाक ठोकळ्याला, आणि मागे ताईची चिमूट. ही लबाडी आहे हे न विसरलेली एकटी तीच उरली आणि ती मूग गिळून बसली. त्या बोटभर लांबीतच तर मासा पिल्लाचा मोठा होतो. दरवर्षी क्रेटमधले मासे थोडे थोडे लहान होत गेले. चिमटीत येणाऱ्या पाती मऊ, कोवळ्या लागू लागल्या. घरी गेल्यावर ती दोन बोटं ती खरखरीत दगडाने घासे.

त्या सकाळी भावाचे चौदा क्रेट आले. पहिले दोन कसेबसे निघाले. तिसऱ्यातला पहिलाच मासा तिच्या तळहातात मावला. चिमूट धरली, तरी रेघ लांबच.

"ताई, जरा ओढ की," भाऊ हळूच म्हणाला.

तिने ओढला. कातडी सैल पडली आणि शेपूट मांसाच्या चिंधीसकट तिच्या चिमटीत आली. पोटही फाटलं. आत अंड्यांची गाबोळी कुठली असायला! तिच्या जागी ओल्या दोऱ्यासारख्या दोन बारीक रेघा होत्या. बुळबुळीत, फिकट काहीतरी तिच्या मनगटावरून ओघळलं.

"आता धर शेपूट रेघेपलीकडे," थोरली म्हणाली, "पास आहे बघ!"

तीनही टेबलं खदखदून हसली. भाऊही हसला. पट्टीताईने हात पाण्याखाली धरला, आणि मग दुसरा मासा फळीवर ठेवून शेपूट सोडून दिली. बाद. तिसरा, बाद. चौथा, बाद.

"हे काय चाललंय?" भाऊ म्हणाला. "चिमूट विसरलीस का?"

"विसरले नाही. बंद केली."

"डोकं फिरलं का तुझं? अकरा वर्षं काय मोजत होतीस मग?"

"चुकीचं मोजत होते."

हे जरा मोठ्याने गेलं. थोरलीचा हात हवेतच राहिला. "अगं, आम्ही तुझंच बघून शिकलो ना?"

"हो. पहिली चिमूट माझी. याच्यासाठी काढली होती," ती भावाकडे बोट दाखवून म्हणाली. "अशी मोजायची रीत नाही. कधीच नव्हती."

मुकादम लगबगीने आला. "पट्टीताई, आज नको हो. आजचं जाऊ दे, उद्यापासून बघू."

"अकरा वर्षं उद्याच चाललाय, मुकादम."

चौदातले अकरा क्रेट बाद झाले. सलग तीन दिवस निम्म्याहून जास्त माल बाद झाला की बोटीचा परवाना हंगामभर बंद, असा शेडचा नियम. आज पहिला दिवस भरला होता. भावाला तो नियम पाठ होता आणि बहिणीलाही.

बाद माल शेडच्या मागे दळण्याच्या यंत्रात जाई. त्याचा भुगा कोंबड्यांच्या खाद्यात जायचा. भावाने गाडा तिथे नेला आणि वळून म्हणाला, "ये ना, बघ. तू बाद केलेस म्हणून आता पोहायला लागणार आहेत का हे?"

ती गेली. मेलेले होतेच ते.

"क्रेट जड आहे. धर तिकडून."

तिने दुसरी कडी धरली. दोघांनी मिळून पहिला क्रेट ओतला. वर चांदीसारखी झगमग, खाली राखाडी लगदा, आणि मधे करकर चावल्याचा आवाज. दुसरा. तिसरा. यंत्राच्या तोंडाशी डोळेच डोळे साचत आणि खाली घसरत. तिने मान फिरवली नाही. हे आपण निळी पट्टी बांधून लोकांच्या ताटात पाठवत होतो, एवढं एकच तिच्या मनात घोळत राहिलं.

"तरी त्याच उथळ पाण्यात जाळं टाकतोस," ती म्हणाली. "पिल्लं वाढतात तिथे."

"जवळ पडतं ते."

"जवळ पडतं म्हणून अकरा क्रेट पिल्लं?"

"मला कसली नावं ठेवतेस? पट्टी तू बांधत होतीस."

"मी बांधत होते. आता नाही बांधणार. उद्या हेच आणलंस तर उद्याही इथेच ओतू. परवाही."

"आणि तिसऱ्या दिवशी भावाची बोट बंद करशील?"

"करीन."

आठव्या क्रेटला भावाने अचानक कडी सोडली. भिंतीकडे वळून तो वाकला आणि ओकला. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, वादळातही ज्याचं पोट कधी ढवळलं नव्हतं. तिने पाण्याचा पाइप पुढे केला. त्याने चूळ भरली, तोंड बाहीने पुसलं.

"लांबच्या पाण्यात जायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे तुला?"

"सात तास."

"साडेआठ."

"मग लवकर नीघ."

त्याने पाइप खाली ठेवला. तिने नवव्या क्रेटची कडी उचलली आणि दुसरी कडी तो कधी धरतो याची वाट बघत तशीच ओणवी उभी राहिली. पायाशी लगद्याचं पाणी साचत होतं.